इंटरस्टेलर पुन्हा थिएटरात, आणि आमच्या घरात पुन्हा तेच भांडण

सांजवात | ९ फेब्रुवारी २०२५

परवा ७ तारखेला 'इंटरस्टेलर', ख्रिस्तोफर नोलनचा २०१४ चा अवकाशातला सिनेमा, आपल्याकडे पुन्हा लागला. डिसेंबरात लागेल म्हणून वाट पाहिली होती, तेव्हा आयमॅक्सचे सगळे पडदे 'पुष्पा २'ने घेतले. त्यामुळे या वेळी दादाने बुकिंग उघडल्या उघडल्या चार तिकिटं काढून टाकली. काल रात्री आम्ही गेलो. मी, दादा, माझी लेक (सातवीत आहे) आणि बाबा. बाबांना न्यायचं खरं तर ठरलं नव्हतं. आई मावशीकडे गेलेली, ते घरी एकटेच राहिले असते म्हणून "चला की बाबा तुम्हीपण" झालं.

(इथून पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे. दहा वर्षांत पाहिला नसेल तर आत्ताच मागे फिरा. थोडक्यात : पृथ्वीवरची पिकं रोगाने मरताहेत, म्हणून एक बाप पोरांना सोडून यानातून नवा ग्रह शोधायला जातो.)

परत येताना गाडीत जे झालं त्यासाठी हा धागा.

दादा : पहिला पाऊण तास कापायला हवा होता. यान उडेपर्यंत नुसता मका.
बाबा : यान उडालं तिथंच सिनेमा संपला की.

आणि ते खरंच झोपले होते हो. रॉकेट सुटताना अख्खं थिएटर हादरत होतं आणि बाबा घोरत होते. पण त्याआधीचा पाऊण तास पापणी लवली नाही त्यांची. आजोबा जेवणाचं टेबल मांडतात, ताटं-पेले पालथे घालून ठेवलेले असतात, धूळ बसू नये म्हणून, तिथे बाबा चक्क मोठ्याने म्हणाले, "आमची आई असंच करायची." पुढच्या रांगेतल्या पोराने वळून पाहिलं.

बाबा धाराशिवकडचे. ७२ च्या दुष्काळात वीस वर्षांचे होते. खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. घरी येऊन चहा घेताना म्हणाले, "ज्यांची मिलो आपण खाल्ली, त्यांच्याच ताटात धूळ दाखवली. बरं केलं."

लेक वेगळ्याच कारणाने चिडली आहे. बापाने मुलीला सोडून जायलाच नको होतं, बस. दुसरं काही ऐकायला तयार नाही. मी २०१४ साली पाहिला तेव्हा ही दीड वर्षाची होती, आईकडे ठेवून गेले होते. तेव्हा मला फक्त ती डोंगराएवढी लाट आठवत राहिली. काल ती लाट आली कधी आणि गेली कधी, कळलं नाही. तो यानात परत येतो, २३ वर्षांचे निरोप साठलेले असतात आणि तो एकेक बघत बसतो, तिथे मी लेकीचा हात धरला आणि तिने तो काढून घेतला.

एकाच रांगेत बसून चौघांनी चार सिनेमे पाहिले. तुमच्याकडे काय झालं?

निवांत_५६ | ९ फेब्रुवारी

रुमाल टाकून ठेवतोय. जेवण झालं की सविस्तर.

अर्धवट_आइनस्टाइन | ९ फेब्रुवारी

दादांच्या पार्टीत माझं नाव घाला. मका मलाही जड गेला.

पण हा एकच सिनेमा असा आहे ज्यात शास्त्रज्ञ नुसता श्रेयनामावलीत शोभेला नाही. मूळ कल्पनाच भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि निर्माती लिंडा ऑब्स्ट यांची. आधी स्पीलबर्ग करणार होता, नंतर नोलनकडे आला. नोलनने येऊन सांगितलं की मला असा ग्रह हवा जिथे एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. थॉर्नना आधी वाटलं, जमणारच नाही. मग गणित करून पाहिलं, तर ग्रहाशेजारचं कृष्णविवर शक्य तेवढ्या कमाल वेगाच्या अगदी जवळ गरगरत असेल तर बसतंय! म्हणजे काळ तिथे साधारण ६१,००० पट हळू. पुढे थॉर्ननी समीकरणं लिहून दिली, डबल निगेटिव्ह या इफेक्ट्सवाल्या कंपनीच्या लोकांनी त्यावरून कृष्णविवर पडद्यावर दाखवायचा प्रोग्राम लिहिला, काही फ्रेम्स तयार व्हायला १००-१०० तास लागले. त्या कामावर २०१५ साली रीतसर शोधनिबंध निघाला. आपल्याकडच्या कुठल्या पिक्चरमधून निघालाय सांगा.

उगाच नाही व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

तिखटमीठ | ९ फेब्रुवारी

विज्ञान बरोबर म्हणून सिनेमा चांगला? दहावीचं भूमितीचं पुस्तकसुद्धा बरोबरच असतं.

माझ्या तक्रारी :

पृथ्वीवरून निघायला टप्प्याटप्प्याचं अजस्र रॉकेट लागतं. लाटांच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १३० टक्के, हे त्यांनीच सांगितलंय. तिथून मात्र तेच छोटं यान रिक्षासारखं किक मारून निघतं.

अॅन हॅथवेचं प्रेमावरचं भाषण. प्रेम म्हणे काळ आणि अवकाश ओलांडतं. बाई, तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना? तेही इंधनाचा हिशोब चाललेला असताना.

आवाज. मोहीम आखणारा प्रोफेसर मरताना आयुष्यभराचं खोटं कबूल करतो, सिनेमातली सगळ्यात मोठी बातमी ती, आणि मला ऐकू काय आलं? ऑर्गन. आमच्या शोला सबटायटल्सही नव्हती. शेजारच्या माणसाने विचारलं "काय म्हणाला?" म्हटलं, मेला एवढं कळलं.

एकच दृश्य मनापासून आवडलं. सुरुवातीला कुणीतरी सांगतं, भेंडीचं हे शेवटचं पीक, यापुढे भेंडी नाही. म्हटलं, चला, मानवजात एवढीही वाईट जात नाहीये. (भेंडीप्रेमींनी हलके घ्या.)

अर्धवट_आइनस्टाइन | १० फेब्रुवारी

रिक्षावालं मान्य. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

प्रेमाच्या भाषणाबद्दल मात्र एक सांगतो. ती ते बोलते तेव्हा कुणीच तिचं ऐकत नाही. मतदानात तिचा ग्रह हरतो, 'शहाणे' लोक आधी गेलेल्या डॉ. मानच्या ग्रहावर जातात आणि तोंडावर आपटतात. बरोबर तीच होती. फक्त कारण चुकीचं देत होती.

खगोलखुळा | १० फेब्रुवारी

अर्धवटराव, थॉर्नभक्तीत एक गोष्ट राहून गेली. कृष्णविवराचं जे चित्र जगभर टी-शर्टांवर गेलं ना, त्यात नोलनने मुद्दाम फेरफार केला आहे. भोवतालची चकती इतक्या वेगाने फिरते की आपल्याकडे येणारी बाजू झगझगीत आणि दूर जाणारी अंधूक दिसायला हवी. तसं करूनही पाहिलं होतं त्यांनी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून नोलनने ते काढून दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या. १० एप्रिल २०१९ ला एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं खरं चित्र आलं तेव्हा एक बाजू उजळ होतीच.

म्हणजे 'विज्ञान बरोबर' वाल्यांनी ज्या फोटोला हार घातला, नेमका तोच सजवलेला. माझी तक्रार नाही. लग्नाच्या फोटोतही कुणी खरं दिसत नाही.

अजून एक. पाण्याच्या ग्रहावर पार्श्वसंगीतात टिकटिक ऐकू येते. चाहते सांगतात की ती दर सव्वा सेकंदाला आहे आणि प्रत्येक टिक म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस. मी कागद घेऊन बसलो. तासाचे सेकंद ३,६००. सात वर्षांचे दिवस साधारण २,५५७. म्हणजे दिवसाला १.४ सेकंद पडतात, सव्वा नाही. सव्वाने मोजलं तर तासाला जवळपास आठ वर्षं होतात. पण हे कळल्यापासून ते दृश्य बघताना मी टिका मोजतो आणि बायको मला कोपर मारते.

बर्फातला_मराठी | १० फेब्रुवारी

कॅलगरीहून लिहितोय. सांजवातताई, तो मका आमच्याकडचा बरं का. कॅलगरीच्या दक्षिणेला ५०० एकर खास पेरला होता, मागे डोंगर दिसावेत म्हणून. त्यातून गाडी घातली ती खरी, आणि उरलेलं पीक विकून त्यांना पैसेही सुटले म्हणे. इथे मक्यापेक्षा गहू आणि कनोला जास्त, त्यामुळे पिकेल की नाही इथपासून शंका होती.

पण मला मक्याबद्दल नाही बोलायचं, टॉमबद्दल बोलायचंय, म्हणजे त्या बापाच्या मुलाबद्दल. सगळे मुलीचं, मर्फ मर्फ करतात. त्या निरोपांच्या दृश्यात बराच वेळ टॉमच बोलत असतो. शाळेत कितवा आला ते सांगतो, मुलगी आवडली म्हणून सांगतो, मूल झालं ते दाखवतो. मग एक दिवस, आजोबा गेले, आईशेजारी आणि जेसीशेजारी पुरलं, असं सांगतो. जेसी म्हणजे तेच मूल. बायको म्हणते की आता तुम्हाला सोडून द्यायला हवं, एवढं म्हणून निरोप बंद होतो. बाप शेवटी अवकाशातल्या स्टेशनवर जागा होतो तेव्हा मर्फबद्दल विचारतो. टॉमचं काय झालं, हे त्याने एका शब्दाने विचारलेलं मला तरी सापडलं नाही.

आम्ही दोघे भाऊ. मी इथे, धाकटा सांगलीत. द्राक्षबाग, आईचं डायलिसिस, बाबांचं पेन्शनचं काम, सगळं त्याच्याकडे. मी फोनवर विचारतो, "बरं आहे ना सगळं?" गावातले लोक त्याला विचारतात, "मोठा काय म्हणतो?"

२०१४ ला हा सिनेमा डोक्यावरून गेला होता. गेल्या डिसेंबरात इथे पुन्हा लागला तेव्हा एकटाच गेलो. घरी येऊन भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो फवारणीला निघाला होता. म्हणाला, "नंतर करतो रे."

तिखटमीठ | १० फेब्रुवारी

हे मी बघितलंच नव्हतं. टॉम मला खलनायक वाटला होता. घर सोडत नाही, खोकणाऱ्या बायकोपोराला डॉक्टरकडे जाऊ देत नाही.

बर्फातला_मराठी | १० फेब्रुवारी

सिनेमाने त्याला खलनायक केलंय, आणि ते सोयीचं आहे. जाणारा नायक हवा असेल तर राहणारा हट्टी दाखवावाच लागतो.

निवांत_५६ | १० फेब्रुवारी

कालचं जेवण आज झालं, माफी असावी.

मी जुन्या गटातला. विद्यार्थी असताना फिल्म सोसायटीत कुब्रिकचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' पाहिला होता, पंख्याची घरघर आणि मधे रीळ बदलायला थांबायचे त्यासकट. १९६८ मध्ये तो आला तेव्हा अमेरिकेतही लोक उठून गेले होते. प्रीमियरनंतर कुब्रिकने स्वतःच सुमारे १९ मिनिटं कापली. मोठमोठ्या समीक्षकांनी झोडपला आणि तरुण पोरांनी रांगा लावल्या. त्यामुळे सांजवात यांच्या गाडीतलं भांडण किमान ५७ वर्षं जुनं आहे.

फरक एवढाच, की कुब्रिक काही समजावून सांगत नाही. नोलनच्या सिनेमात माणसं सतत समजावतात. वर्महोलच्या (अवकाशातल्या जवळच्या वाटेच्या) तोंडाशी पोचल्यावर यानातला शास्त्रज्ञ रॉमिली कागद दुमडून, पेन खुपसून वर्महोल म्हणजे काय ते सांगतो. कुणाला? त्या यानाच्या वैमानिकाला! पुण्याहून निघून खंबाटकीच्या बोगद्यापाशी आल्यावर ड्रायव्हरला बोगदा म्हणजे काय ते सांगावं तसं.

२००१ पाहून आम्ही चौघे मित्र रात्रभर कट्ट्यावर बसलो होतो. कुणालाच काही कळलं नव्हतं आणि सगळे बोलत होते.

सांजवात | ११ फेब्रुवारी

बोगद्याला हसून हसून पोट दुखलं. पण निवांतकाका, समजावलं नसतं तर माझी लेक टिकली नसती. तिने तोच कागद आणि पेन घेऊन आज वर्गात मैत्रिणींना दाखवलं.

बांधावरून | ११ फेब्रुवारी

इथे सगळे कृष्णविवराच्या चुका काढताहेत. शेतीच्या काढू का? कृषी पदवीधर आहे, आणि स्वतः कसतो.

सिनेमातला तो रोग म्हणजे करपा. करपा एका जातीच्या पिकाला धरतो, फार तर त्याच्या भाऊबंदांना. बटाट्याचा उशिराचा करपा टोमॅटोवर जातो, कारण कूळ एकच. पण गहू, भेंडी आणि मका? एक तृणधान्य, एक कापसाच्या कुळातली भाजी, पुन्हा एक तृणधान्य. एकच रोग ओळीने सगळी खातोय, हे पटत नाही. वर प्रोफेसर म्हणतो, हा रोग नायट्रोजनवर जगतो. हवेतला नायट्रोजन वापरणारे जिवाणू आमच्या हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींत आहेत, ते तर आमचे मित्र.

पण भीती खरी आहे. प्रोफेसर आयर्लंडच्या बटाट्याचं नाव घेतो ते उगाच नाही. १८४५ पासून तिथे हेच झालं. मुख्य चूक एकाच पिकावर, त्यातही मोजक्याच वाणांवर, सगळा देश उभा करण्याची होती. आपल्याकडे बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी उलटली तेव्हा यवतमाळकडे काय झालं ते आठवा. त्यामुळे कारण चुकलं तरी शिवारभर एकच मका आणि दुसरं काही नाही हे चित्र पाहून माझ्या पोटात गोळा आला. पुढचं अवकाशातलं छान होतं, पण मला सारखं वाटत होतं, अरे तूर घाला मधे दोन ओळी.

सांजवातताई, बाबांना नमस्कार सांगा. सुरुवातीला टीव्हीवर मुलाखत दिल्यासारखं बोलणारे म्हातारे दिसतात ना, एक सोडून सगळे खरे आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेत धुळीची वादळं झाली, त्यातून गेलेले. केन बर्न्सच्या माहितीपटातून घेतलेत. पालथी ताटं तिथूनच आलीत.

सांजवात | ११ फेब्रुवारी

हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मला वाटलंच. नट असं बोलत नाही."

सह्याद्रीचा_दगड | १२ फेब्रुवारी

१४ ला 'छावा' येतोय. आयमॅक्सचे पडदे जाणार. मग इथे रडारड सुरू होईल. आत्ताच सांगून ठेवतो, आमच्या राजांपुढे तुमचं कृष्णविवर चालायचं नाही.

अर्धवट_आइनस्टाइन | १२ फेब्रुवारी

झालं. अहो, राजांना कोण नाही म्हणतंय? आठवड्यात सगळे खेळ भरलेत, अजून एक आठवडा एखादा पडदा ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

सह्याद्रीचा_दगड | १२ फेब्रुवारी

दहा वर्षांपूर्वीचा सिनेमा, लॅपटॉपवर वीसदा पाहिलेला असतो तुम्ही लोकांनी.

तिखटमीठ | १२ फेब्रुवारी

दगडभाऊ, मी दोन्हीची तिकिटं काढली आहेत. दोन्हीकडे रडणार आहे. भांडण वेगळ्या धाग्यावर न्या बघू.

(मधले १४ प्रतिसाद विषय सोडून असल्याने काढले आहेत. – संपादक मंडळ)

औंढ्याचा_पाहुणा | १६ फेब्रुवारी

संपादकांनी झाडू मारून घेतलाय तोवर माझं घालतो.

मी हिंगोली जिल्ह्यातला. औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी पकडायला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. मूळ अमेरिकेतली लायगो ज्यांनी उभी केली त्यांत हेच किप थॉर्न. २०१७ चं नोबेल त्याच कामाचं, तिघांत. माणसाने इकडे सिनेमाला गणित पुरवलं आणि पुढे तिकडे सप्टेंबर २०१५ मध्ये दोन कृष्णविवरांच्या टकरीची पहिली लहर सापडली.

गावात एका काकांना हे सांगत होतो. त्यांनी विचारलं, "ती लहर आली की पाऊस पडंल का?" म्हटलं, नाही. "मग कशाला?" बराच वेळ बोललो, पटलं नाही त्यांना. अर्धवटराव, तुम्ही या एकदा औंढ्याला. मक्याची पार्टी आणि यानाची पार्टी आमच्याकडे एकाच बांधावर आहे.

खगोलखुळा | १४ मार्च

धागा वर काढतोय. आज पुन्हा लागला! ज्यांचा हुकला त्यांनी पळा.

तिखटमीठ | १७ मार्च

गेले. या वेळी सबटायटल्स होती. प्रोफेसर नेमकं काय म्हणाला ते साडेदहा वर्षांनी कळलं. रिक्षा अजूनही किक मारूनच निघते. टॉमकडे बघत होते सगळा वेळ. मका जळतो तेव्हा तो काळवंडलेल्या तोंडाने शेतातून परत येतो, दारात मर्फ, ती त्याला मिठी मारते. तो तसाच उभा राहतो.

निवांत_५६ | २० मे

सकाळी जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. कुठे लिहावं सुचेना, म्हणून इथे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे नारळीकरच, जविना उलटं केलं की नाविज. नावाचा फायदा नको म्हणून टोपणनाव घेतलं. नोलन तेव्हा चार वर्षांचा होता. या धाग्यावर आपण कृष्णविवर, कृष्णविवर असा शब्द सहज टाकतोय, तो आमच्या पिढीच्या जिभेवर अशा गोष्टींमुळे बसला. मी ती कथा पावसाळ्यात एसटीत वाचल्याचं आठवतंय, खिडकीतून पाणी येत होतं.

अर्धवट_आइनस्टाइन | २० मे

पुण्याला आयुका या त्यांच्या खगोलशास्त्र संस्थेत विज्ञान दिनाला शाळेकडून गेलो होतो, तेव्हा वहीवर सही घेतली होती त्यांची. भौतिकशास्त्राकडे गेलो ते त्यानंतर.

सांजवात | २५ मे

निवांतकाका, ती कथा शोधून लेकीला दिली. एका बैठकीत संपवली आणि मग आजोबांना वाचून दाखवली. बाबा झोपले नाहीत!

उलट त्यावरून त्यांना सिनेमा आठवला. परवा म्हणाले, मधे झोपलो होतो, तेव्हा काय काय झालं ते सांग. सांगितलं सगळं, तासभर. लाट, २३ वर्षं, मान, पुस्तकांची मांडणी. शांतपणे ऐकलं. मग मी सांगितलं की त्या यानात पाच हजारांवर फलित बीजं नेली होती, माणसांची, गोठवून, नव्या ग्रहावर वाढवायला.

तर म्हणाले, "माणसं नेली पाच हजार. बियाणं किती नेलं?"

मला सांगता येईना. दादाला फोन लावला. तो म्हणाला, शेवटी स्टेशनवर शेतं दिसतात की. बाबा म्हणाले, "ते नंतरचं. पहिल्या यानात काय होतं ते विचार त्याला."

दादाने काल रात्री पुन्हा सिनेमा लावलाय, फक्त तेवढं बघायला. बांधावरून, खगोलखुळा, कुणी नीट पाहिलं असेल तर सांगा हो. बाबा रोज सकाळी चहाला विचारताहेत, कळलं का म्हणून.